बुडाशी उघडे पडलेले कुंपण

गणपती गेले की वसईतल्या सांडोरच्या वाड्यांमधल्या गल्लीतून फिरताना एक गोष्ट नजरेला टोचत राहते. वाडीच्या कडेचे कोयनेल किंवा मेंदीचे कुंपण लांबून हिरवेगार दिसते, पण ती हिरवाई वरच्या दीड-दोन फुटांपुरतीच असते. कंबरेखाली नुसत्या करड्या काठ्या. त्यांच्यातून शेजारच्या वाडीतली केळ दिसते, कोंबडी आरपार जाते, आणि रस्त्याकडच्या अंगाला मधली पाच-सात झाडे मेलेलीही असतात. तिथे कुणी पत्रा उभा केलेला असतो, कुणी मासेमारीचे जुने जाळे बांधलेले असते.

अशा कुंपणाचे काय करायचे, यावर घरोघरी मतभेद आहेत. एका मताने ते उपटून सरळ भिंत घालावी. दुसऱ्या मताने गुडघ्याएवढे ठेवून एकदाच छाटावे, म्हणजे आपोआप फुटून येईल. तिसरे मत असे की दरवर्षी थोडे थोडे छाटत तीन वर्षांत ते नवे करावे. तिन्ही मतांची माणसे मला माहीत आहेत आणि तिघांनाही आपल्या वाडीची काळजी आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या वाटेने गेल्यास पदरात काय पडते आणि हातचे काय जाते, हे शांतपणे पाहणे बरे.

सुरुवात भिंतीपासून करतो, कारण आज गावात तीच बाजू जोरात आहे आणि हिरवळीवर प्रेम करणाऱ्या आम्हा मंडळींना तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याची सवय लागली आहे. ती सवय न्यायाची नाही. जुने कुंपण पसरत पसरत चार फूट जागा घेते. शंभर फूट लांबीच्या हद्दीवर हे चारशे चौरस फूट झाले. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक गुंठा कुंपणाखाली जातो. ज्याची वाडी वाटण्या होत होत पाच-सहा गुंठ्यांवर आली आहे, त्याला ही जागा डोळ्यांत येणारच. त्याहून मोठा प्रश्न माणसांचा आहे. मुले नोकरीसाठी मुंबईला, आखातात, कुणी कॅनडात. घरी सत्तरी ओलांडलेले आईवडील. वर्षातून तीन-चार वेळा कात्री चालवायची कुणी? रोजाने माणूस बोलवावा तर तो हवा तेव्हा मिळत नाही. भिंतीला एकदा पैसे लागतात, कुंपणाला दरवर्षी हात लागतात, आणि आमच्याकडे हातांचीच टंचाई आहे. शिवाय गल्लीतून पूर्वी ओळखीची माणसे जायची. आता दिवसभर अनोळखी गाड्या जातात. एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री भिंतीचा आधार वाटत असेल, तर त्या आधाराला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाही नाही.

हद्दीच्या वादाचेही कारण सांगितले जाते. कुंपण सरकते, भिंत सरकत नाही. हे अर्धे खरे आहे. कोयनेलची लोंबती फांदी जमिनीला टेकली की मूळ धरते, आणि वीस वर्षांत कुंपणाचा मध्य हातभर इकडचा तिकडे होतो. तथापि हद्द ठरते ती भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने आणि नकाशाने. चुकीच्या जागी बांधलेल्या भिंतीने वाद मिटत नाही, उलट तो पक्का होतो, कारण फांदी छाटता येते आणि भिंत पाडायला कोर्टात जावे लागते.

दुसरीकडे, कुंपण जी कामे करते त्यांतली काही भिंतीला जमतच नाहीत. पहिले काम वाऱ्याचे. समुद्राकडून येणारा पावसाळी वारा भिंतीवर आदळून वर उसळतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली येतो. कुंपणातून तो गाळला जाऊन मंद होतो. साधारणपणे कुंपणाच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत त्याचा आडोसा लागतो. सहा फुटांचे दाट कुंपण असेल तर पन्नास-साठ फुटांपर्यंतच्या केळीच्या पानांच्या चिंध्या कमी होतात, मोगऱ्याच्या कळ्या कमी गळतात. केळी, पानवेल आणि फुले यांवर उभ्या राहिलेल्या वसईच्या वाडीला हा हिशेब नवा नाही.

दुसरे काम पाण्याचे, आणि आमच्याकडे ते अधिक महत्त्वाचे. वसईचा पश्चिम पट्टा सखल आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, रेल्वे बंद पडली, वीज गेली; ते दिवस इथे कुणी विसरलेले नाही. जमिनीवरून पसरत येणारे पाणी कुंपणाच्या बुडातून वाट काढते, मंदावते, जमिनीत मुरते. सलग भिंत तेच पाणी अडवते, आणि ते मग शेजाऱ्याच्या अंगणात चढते. भिंतीला खाली भोके ठेवता येतात हे खरे. मात्र पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी ती पहिल्याच पावसात बुजलेली मी पाहिली आहेत. इथे माझ्या बाजूच्या लोकांनीही अतिशयोक्ती टाळायला हवी. वसईचा पूर काही भिंतींनी आणलेला नाही, आणि कुंपणे राखल्याने तो जाणारही नाही. भराव, बुजलेले नाले, भरतीच्या वेळी खाडीत न उतरणारे पाणी ही मोठी कारणे जागच्या जागी आहेत. कुंपणाचा वाटा छोटा आहे. पण तो ज्याच्या त्याच्या हातातला आहे.

आता छाटणीकडे वळण्याआधी, कुंपण मुळात खंगले कशाने ते तपासणे भाग आहे. बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते.

एक कारण आपल्याच कात्रीत असते. वरचा माथा सारखा करायचा आणि बाजूंना हात लावायचा नाही, ही आपली रीत. झाडाचा शेंडा कापला की त्याखालचे डोळे जागे होतात आणि तिथेच झुपका दाटतो. वर्षानुवर्षे वरूनच कापत राहिले की वरचा झुपका छत्रीसारखा पसरतो, त्याच्या सावलीत खालची पाने गळतात आणि खालचे डोळे झोपून राहतात. म्हणून माथा अरुंद आणि बूड रुंद ठेवायचे, म्हणजे पायापर्यंत ऊन पोचते. गावातल्या बहुतेक कुंपणांचा आकार नेमका उलटा आहे.

दुसरे कारण जमिनीत आहे. आमच्या स्वतःच्या वाडीचे सांगतो. रस्त्याकडेने पाइप टाकण्यासाठी काही वर्षांपूर्वी कुंपणाला लागून चर खणला गेला. चर बुजवताना वर निघालेली काळी माती परत आलीच नाही; खडी, डांबराची ढेकळे आणि सिमेंटचा चुरा आला. तिथल्या सतरा पावलांच्या पट्ट्यात मुळे एका बाजूने पुरती तुटली होती. पहिल्या वर्षी काही कळले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाने लहान झाली, तिसऱ्या वर्षी फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. आम्ही तिन्ही वर्षे खत घालत राहिलो. मुळांना शिरायला जागाच नव्हती, खत कोण खाणार? कुदळीने हातभर खणून पाहिले तेव्हा ते समजले, आणि ते पहिल्या वर्षी पाहिले नाही याची हळहळ मला अजून आहे.

तिसरे कारण पाण्याचे, आणि ते एका वाडीपुरते नाही. एके काळी इथल्या विहिरींवर रहाट होते. बैलाने जेवढे ओढले तेवढेच पाणी निघायचे. पावसाचे पाणी बावखलांत, म्हणजे वाड्यांमधल्या छोट्या तळ्यांत साठायचे आणि सावकाश मुरत विहिरींना मिळायचे. पुढे पंप आले, टँकर आले, अनेक बावखले बुजली. समुद्रकाठच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, त्याच्या मुळाशी जमीन आणि पाणी हीच चिंता होती. कुंपणावर या खारेपणाची खूण स्पष्ट उमटते. जुन्या पानांची टोके आणि कडा तांबूस-करड्या होतात, करपल्यासारख्या. एप्रिल-मेमध्ये ती वाढते आणि पावसाळ्यात नवी पाने स्वच्छ येतात. असे दिसले तर कात्रीला हात लावण्याआधी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. सिंचनाच्या पाण्याची विद्युतवाहकता ०.७ डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही, ३च्या वर गेली तर बहुतेक झाडांना त्रास होतो, हा अन्न व कृषी संघटनेचा सर्वमान्य मापदंड आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणू तालुक्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. पाण्या-मातीबद्दलचा सल्ला तिथे विचारता येतो.

खारे पाणी आणि कुंपण यांवरून एक जुनी गोष्ट आठवते. इंग्रजांनी मिठावरचा कर बुडू नये म्हणून हिंदुस्थानात सुमारे ४००० किलोमीटर लांबीची जकात रेषा आखली आणि तिच्या बऱ्याच भागावर काटेरी कुंपण उभे केले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचे आयुक्त होते. तोडून आणलेल्या काट्यांचे सुके कुंपण वाळवी, उंदीर आणि वादळे दरवर्षी निम्मे संपवत. तेव्हा ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला आणि जिथे माती निकस होती तिथे चर खणून चांगली माती भरून घेतली. ते कुंपण अन्यायाच्या कामाला लावलेले होते आणि १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली हे योग्यच झाले. मात्र त्यातले बागकाम खरे होते: आधी माती, मग झाड.

आता छाटणी. एकदाच गुडघ्याइतके छाटा म्हणणाऱ्यांची बाजू शास्त्राला धरून आहे. कोयनेल, मेंदी, जास्वंद, अडुळसा या झाडांच्या जुन्या लाकडातही सुप्त डोळे असतात. जमिनीपासून फूटभर ठेवून छाटले की ते डोळे एकदम फुटतात, सगळ्या कुंपणाची वाढ सारखी होते, काम एका दिवसात उरकते, आणि वर्ष-दीड वर्षात बुडापासून दाट कुंपण मिळते. खोडात लपलेले पिठ्या ढेकूणही फांद्यांबरोबर निघून जातात. ज्याच्याकडे माणूस एकदाच मिळणार आहे, त्याला ही पद्धत सोयीची आहे. याउलट, छाटलेल्या झाडाला पहिली पाने फोडायची ती मुळांत आणि खोडात साठवलेल्या अन्नावर. खंगलेल्या झाडाकडे तो साठा थोडाच असतो. निरोगी पण बेढब झालेले कुंपण अशा छाटणीने सुधारते. खाऱ्या पाण्याने किंवा तुटलेल्या मुळांनी अशक्त झालेले कुंपण याच छाटणीने दगावू शकते. शिवाय वर्षभर वाडी उघडी पडते, आणि ज्या घराने कुंपण आडोशासाठीच लावले त्याला हे वर्ष लांब वाटते.

टप्प्याटप्प्याने छाटण्याची पद्धत म्हणजे पहिल्या वर्षी सर्वांत जुने, जाड असे एक तृतीयांश सोट जमिनीलगत काढायचे, दुसऱ्या वर्षी पुढचे, तिसऱ्या वर्षी उरलेले. किंवा पहिल्या वर्षी रस्त्याकडची बाजू खोडापर्यंत आत घ्यायची आणि पुढच्या वर्षी वाडीकडची. झाडाकडे पाने शिल्लक राहतात, आडोसाही राहतो, आणि एखादे झाड फुटलेच नाही तर नुकसान थोडक्यात आवरते. मात्र तीन वर्षे सलग लक्ष देणारा माणूस लागतो. कुठला सोट जुना आणि कुठला नवा हे ओळखावे लागते. बऱ्याच घरांत पहिले वर्ष उत्साहाने पार पडते, दुसऱ्या वर्षी घरात लग्न निघते, आणि कुंपण अर्धे छाटलेले तसेच राहते. या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मान्य करायला हवे.

कुठल्या झाडाला काय सोसेल याचा एक साधा पडताळा आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाची साल नखाने खरवडायची. आत ओलसर हिरवी रेघ दिसली तर तो सोट जिवंत आहे. करडे-तपकिरी आणि कोरडे दिसले तर खालून पुन्हा खरवडायचे, अगदी मातीपर्यंत. आमच्या कुंपणावर मी असे पंचवीस-तीस सोट खरवडले. काही ठिकाणी पानांनी भरलेला सोट खाली अर्धा पोकळ निघाला, आणि एका पूर्ण निष्पर्ण झाडाच्या बुडाशी इतकी ताजी हिरवी साल होती की मी दोनदा खरवडून पाहिली. मोरपंखीच्या कुंपणाला मात्र हा नियम लावू नये. तिच्या उघड्या जुन्या लाकडाला फूट येत नाही. हिरव्या भागाच्या आत छाटली की ती तशीच बोडकी राहते.

वेळेबद्दलही दोन मते आहेत. जुनी माणसे मृगाच्या तोंडावर छाटतात, आणि त्यामागे अनुभव आहे: पाऊस पडला की फूट जोरात येते, पाणी घालावे लागत नाही. तथापि जूनमध्ये केलेल्या जखमेवर चार महिने पाणी पडते, बुरशी शिरते, आणि सखल वाडीत छाटलेली खुंटे पाण्याखाली राहतात. शिंपी पक्ष्याची पाने शिवून केलेली घरटी, बुलबुलाची वाटीसारखी घरटीही याच सुमारास कुंपणात असतात. सप्टेंबरअखेर छाटले तर पावसाचा जोर ओसरलेला असतो, जमीन अजून ओली असते आणि विहिरीचे पाणी वर्षातले सर्वांत गोडे असते. त्यापुढे ऑक्टोबरचे ऊन नव्या उघड्या सालीला भाजते, हा त्यातला तोटा; छाटलेल्या फांद्याच बुंध्यांवर दोन-तीन आठवडे सैल टाकून ठेवल्या की तो बराच कमी होतो. सखल आणि खाऱ्या पाण्याच्या वाडीसाठी मला सप्टेंबर पसंत आहे. उंचवट्यावरच्या, निचरा चांगला असलेल्या वाडीत मृगाची छाटणी चूक म्हणता येणार नाही. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, आणि भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडी नको.

मेलेल्या जागी काय लावायचे, यावर फार खल करण्याची गरज नाही. खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला कोयनेल आपोआप उगवते. त्याला खारे पाणी सोसते, त्याची कडू पाने शेळ्या सहसा खात नाहीत, आणि पावसात खोचलेली काडी सहज जगते. मेंदी कोरड्या मुलखातली, तिला पाणथळ जागा मानवत नाही. नर्सरीतला पिवळा ड्युरांटा लवकर भरतो, पण सगळे कुंपण एकाच परक्या झाडाचे करणे मला धोक्याचे वाटते; घाणेरीही या देशात शोभेचे झाड म्हणूनच आली होती. नवी काडी लावताना जुन्या मुळांच्या जाळ्यात नुसता खड्डा करून भागत नाही. फूटभर रुंद आणि तेवढाच खोल चर घेऊन माती बदलावी, शेणखत घालावे, नाहीतर शेजारची जुनी मुळे नव्या रोपाचे पाणी ओढतात.

हे सगळे तोलून माझा कल सांगतो. ज्या घरात छाटायला कुणीच नाही आणि रस्त्याकडून भीती आहे, त्यांनी त्या बाजूला भिंत घातली तर मी त्यांना दोष देणार नाही. ती पाणी जाईल अशी, खाली जाळीचे मोकळे गाळे ठेवून बांधावी एवढेच म्हणेन. पण दोन वाड्यांच्या मधली हद्द ही वेगळी गोष्ट आहे. तिथे चोराची भीती थोडी आणि पाण्याचा, वाऱ्याचा संबंध दोघांचाही असतो, म्हणून तिथे कुंपणच राखावे. ते राखताना पहिले वर्ष कात्रीला हात लावू नये. त्या वर्षी माती मोकळी करावी, बुडाशी पाल्याचे आच्छादन घालावे, पाणी तपासावे, पावसाचे पाणी कुंपणाच्या बुडाशी न तुंबता पुढे जाईल असे पाहावे. पुढच्या सप्टेंबरपासून तीन वर्षांची छाटणी. निरोगी आणि केवळ बेढब झालेल्या कुंपणाला एकदाच छाटणे चालेल. बुडाशी उघडे पडलेले प्रत्येक कुंपण मात्र तसे निरोगी नसते, आणि छाटलेला सोट पुन्हा जोडता येत नाही, म्हणून शंका असेल तिथे सावकाश जावे असे माझे मत आहे.

आमच्या आणि शेजारच्या वाडीच्या मधल्या कुंपणाची पहिली छाटणी गेल्या सप्टेंबरात झाली. शेजारचे काका भिंतीच्या बाजूचे. छाटणीच्या दिवशी तेच सकाळी कोयता घेऊन आले आणि त्यांच्या बाजूचे जुने सोट त्यांनी स्वतः तोडले. दिवाळीच्या आसपास बुडाशी लालसर-हिरवे डोळे फुटले. काही खुंटे अजून गप्प आहेत. रस्त्याकडच्या सतरा पावलांचे मात्र आमचे ठरलेले नाही. काका म्हणतात तिथे भिंतच हवी. मी म्हणतो खडी काढून माती भरून एक पावसाळा पाहू. मेच्या आत आम्हा दोघांना ठरवायला हवे, कारण खडी काढायची झाली तर ती पावसाआधीच काढावी लागेल.